चमचा त्याच्या हातात होता

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मखमलाबाद रस्त्याला मिसळ खाताना तू हात धुवायच्या नळापाशी मला विचारलंस, "काका, माझं काही चुकतंय का हो?" आणि मी म्हणालो, "छे गं, छान करतेयस." खोटं बोललो. मागे रांग होती, तुझं पोरगं जिलेबीसाठी तुझी ओढणी ओढत होतं, तिथे काय बोलणार? घरी आलो, दोन रात्री नीट झोप नाही, म्हणून लिहायला बसलोय. फोन केला नाही, कारण फोनवर मी ओरडतो. मला ऐकू कमी येतं म्हणून ओरडतो आणि समोरच्याला वाटतं म्हातारा रागावलाय. तसा थोडा रागावलेलाही आहे.

तर ऐक. चुकतंय.

चमचा त्याच्या हातात होता. मी समोरच बसलो होतो, मी बघत होतो. आधी हात मांडीवर होता तेव्हा अंगठा आणि बोट जपमाळ ओढावी तसे एकमेकांवर फिरत होते. चमचा धरला तसा कंप कमी झाला. तुझ्या लक्षात आलं का ते? ह्या आजाराचा, पार्किन्सन्सचा, कंप स्वस्थ बसलेल्या हाताला जास्त छळतो, हात कामाला लागला की बऱ्याचदा दबतो. राहिला तो मंदपणा. वाटीपासून तोंडापर्यंत चमचा यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शेजारच्या माणसाने अख्खा पाव संपवला. थोडा रस्सा टेबलावर सांडला, दोन थेंब शर्टावर. पण चमचा वर येत होता. आणि तू आजूबाजूला बघितलंस, "आण इकडे" म्हणालीस आणि चमचा काढून घेतलास. मायेनेच घेतलास, मला का कळत नाही? त्याने तीन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाला.

पोट भरलं नव्हतं पोरी. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, अंबडच्या कंपनीत टूलरूम सांभाळणारा, ज्याच्या हातात मायक्रोमीटर असतो, तो पोटच्या पोरासमोर बायकोच्या हातून घास घेतो तेव्हा तीन घासांतच पोट भरतं.

हातातलं काढून घेऊ नकोस. हे एवढंच सांगायला हे पत्र आहे. बाकीचं मी म्हातारपणाच्या सवयीने लिहीन, ते गाळून वाचलंस तरी चालेल.

आता तू म्हणशील, काकांना बोलायला काय जातं. तर मी काय केलं ते सांगतो. तुझ्या सासऱ्यांना यातलं थोडं माहीत होतं, आम्ही प्रेसमध्ये एकाच सेक्शनला होतो. पण मशीनचं मी त्यांनाही कधी सांगितलं नाही.

हिला २००३ साली निदान झालं, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही खांदा शेकत होतो. चालताना डावा हात हलायचा नाही, अंगाला चिकटून राहायचा. कुणीतरी सांगितलं खांदा आखडलाय, म्हणून शेक, तेल, व्यायाम. त्याच्याही आधी फोडणी करपली तरी हिला वास यायचा नाही आणि मी म्हणायचो, लक्ष कुठे असतं तुझं? वास जाणं, झोपेत हातपाय झाडणं, पोट साफ न होणं, ही सगळी या आजाराची पावलं कंपाच्या कितीतरी आधी दारात आलेली असतात, हे मला फार उशिरा कळलं. किराण्याची यादी ती एका जुन्या डायरीत लिहायची. ती डायरी माझ्याकडे आहे. १९९९ सालच्या पानावर 'साबुदाणा' अर्ध्या ओळीत मावतो. २००२ सालच्या पानावर तो सुरू होतो मोठा आणि 'णा'पर्यंत येतायेता मुंगीएवढा होतो. दुकानदार मला विचारायचा, "वहिनींनी काय लिहिलंय?" आणि मी घरी येऊन तिच्यावरच चिडायचो. पुढे यादी मीच लिहायला लागलो. बघ, पेन हे मी काढून घेतलेलं पहिलं. मोठ्या अक्षरात, रेघांच्या वहीत सराव केला तर अक्षर पुष्कळ टिकतं, हे कुणी सांगितलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण मी विचारलंही नव्हतं.

ती शिवणकाम करायची. जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी पायाचं मशीन होतं, उषाचं, काळं, सोनेरी नक्षी पुसत आलेली. ब्लाउज, परकर, फॉल. आजार सुरू झाल्यावर गिऱ्हाइकं कमी केली, मग बंद. तरी दुपारी बसायची. घरातल्या चिंध्या जोडत बसायची. २००९ साली पलंग खिडकीशी घ्यायचा म्हणून मी मशीन विकलं. मनात भीती होती सुईची. एकदा बोटात सुई गेली होती, जास्त नाही, पण मी सकाळच्या शिफ्टला प्रेसमध्ये, लेक पुण्याला, घरात हिला बघायला कोण? देवळाली गावातली एक बाई बाराशे रुपये देऊन टेम्पोत घालून घेऊन गेली. हिला आदल्या रात्री सांगितलं. ही काही बोलली नाही. टेम्पो वळला तेव्हा एवढंच विचारलं, "रिळांचा डबापण दिलात का?"

दिला होता.

त्यानंतर सहा महिन्यांत तिचं चालणं जेवढं बिघडलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत बिघडलं नव्हतं. आजार पुढे सरकतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. सरकत असेलच. पण २०१२ साली लेकीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. अठ्ठावन्न वर्षांचा एक माणूस, पाय जमिनीला इतके चिकटलेले की चार पावलं टाकता येत नाहीत, धरून धरून चालवलं तरी पडतो. त्यालाच सायकलवर बसवलं, तर हा माणूस सरळ पॅडल मारत निघाला, वळला, परत आला. उतरला की पुन्हा चिकटला. पायाला एक ठेका मिळाला की मेंदूतली दुसरी वाट उघडते, असं काहीतरी. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. पायाचं मशीन म्हणजे दुसरं काय असतं गं?

तेव्हा मला समजलं की आजार तिच्याकडून एकेक गोष्ट नेत होता आणि मी त्याला उचलू लागत होतो. रोगाला हमाल लागत नाही पोरी. तो आपलं आपण नेतो. तू त्याच्याबरोबर ओझी उचलू नकोस.

तुझ्या नवऱ्याचा आजार तरुणपणी सुरू झालेला आहे. तो सहसा हळू सरकतो, म्हणजे तुमच्यापुढे लांबचा रस्ता आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, हिशेब सांगतोय. आज चमचा काढलास, उद्या शर्टाची बटणं, परवा दाढी, मग बँकेची सही. चाळिशीत सगळं काढून घेतलंस तर पुढची पंचवीस वर्षं तो काय धरून बसणार? आणि तू एवढं सगळं किती वर्षं उचलणार?

गोळीचं सांगतो, कारण ते रविवारी बघून माझा जीव वर-खाली झाला. मिसळ अर्धी झाली आणि तू पर्समधून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवलीस. एका गोळीत तीन चुका. एक, मटकीच्या उसळीबरोबर. डाळ, कडधान्य, पनीर, दूध यातलं प्रथिन गोळीतल्या औषधाच्या, लेव्होडोपाच्या, वाटेत आडवं येतं, दोघांना आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला एकच दार असतं. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट. प्रथिन बंद करू नकोस, अंग झडेल. फक्त गोळीपासून लांब ठेव, रात्रीकडे ढकल, आणि डॉक्टरांना विचारून ढकल. दोन, वेळ. दीडची गोळी पावणेदोनला दिलीस. ह्या गोळीला घड्याळ कळतं. पंधरा मिनिटं उशीर म्हणजे तो पंधरा मिनिटं लाकूड. तीन, आणि हे सगळ्यात वाईट: गोळी तुझ्या पर्समध्ये का? आजार त्याचा, गोळी त्याची. डबी त्याच्या खिशात असू दे, गजर त्याच्या मोबाइलवर वाजू दे. गोळी कधी चढली, कधी उतरली, अंग कधी नको तेवढं हलायला लागलं, हे वहीत त्याने लिहू दे. डॉक्टरांपुढे ती वही त्याने उघडू दे. तू बोलू नकोस. मी सोळा वर्षं डॉक्टरांपुढे बोललो. "हिला काल रात्री झोप नाही," "हिचं जेवण कमी झालंय." एकदा त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसता का?" मला राग आला. आत हिने त्यांना काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही.

ह्या लोकांचा आवाज बारीक होतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं आतही काही नाही. आत सगळं असतं. चेहऱ्याचे स्नायू ऐकत नाहीत, एवढंच. तू काही विचारलंस तर उत्तराला वेळ दे. मनात दहा मोज. मी तीनपर्यंत मोजायचो आणि मीच उत्तर द्यायचो.

घाई. मला तेवढंच यायचं. आम्ही प्रेसवाले, भोंगा वाजायच्या आत गेटवर. २०११ सालची गोष्ट. दारात रिक्षा उभी, शालिमारला डॉक्टरकडे जायचं होतं, आणि हिचे पाय उंबऱ्यापाशी चिकटले. दार, अरुंद जागा, वळण, तिथेच हे पाय दगा देतात. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी हात धरून ओढलं. ओढलं म्हणजे वरचं अंग पुढे आलं आणि पाय जिथे होते तिथेच राहिले. मनगट मोडलं. उजवं. जो हात चांगला होता तो.

पुढे शिकलो. पाय चिकटले की ओढायचं नाही, ढकलायचं नाही, "चल चल" म्हणायचं नाही. थांबायचं. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर झुलू द्यायचा. समोर काहीतरी ओलांडायला द्यायचं. मी घरभर जमिनीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या, वीतभर अंतराने सुरुवात केली, मग पावलाएवढं केलं. लोक हसायचे, घर आहे की झेब्रा क्रॉसिंग. आणि ठेका. हिच्या माहेरी वारी होती, त्र्यंबकहून निघणाऱ्या निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर तिचे वडील जायचे. मी नुसतं म्हणायचो, "ज्ञानोबा, तुकाराम," आणि तिचा पाय उचलायचा. टाळ नको, काही नको. मधल्या खोलीपासून मोरीपर्यंत आमची वारी. तुझ्या नवऱ्याला ज्ञानोबा-तुकाराम जमत नसेल तर ढोलपथकाचा ठेका लाव. नाशिकच्या पोराला ढोल नाही कळला तर काय कळणार! पुण्यात हृषिकेश पवार यांनी ह्या आजाराच्या मंडळींना घेऊन नाच शिकवला, तो काही गंमत म्हणून नव्हे. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्याशी बोला. आणि हे बोलणं त्याने करायचं आहे, तू नाही.

एक गोष्ट मात्र भांडून करायची, आणि ती तू करायचीस. हॉस्पिटलात. ते मनगट मोडलं तेव्हा हिला ज्या हॉस्पिटलात ठेवलं तिथे उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, मेटोक्लोप्रमाइड. साधं इंजेक्शन, कुणालाही देतात. पण ते मेंदूतलं डोपामिनचं, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या रसायनाचं, कामच अडवतं, आणि हिच्याकडे मुळात तेच नव्हतं. दोन दिवस ही पलंगावर फळीसारखी. वर तिच्या गोळ्या त्यांच्या राउंडच्या वेळेला, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मी नर्सशी भांडलो, मेट्रनशी भांडलो, शेवटी गोळ्यांची डबी उशीखाली लपवून माझ्या घड्याळाने दिल्या. बरोबर केलं का? नसेल. पण उभी राहिली ती त्यानेच. तू हे करू नकोस, तू आधीच लिहून घे: डॉक्टरांच्या लेटरहेडवर, कोणती गोळी किती वाजता, आणि कोणती औषधं चालत नाहीत. मेटोक्लोप्रमाइड नाही, हॅलोपेरिडॉल नाही. एक प्रत फाइलीत, एक त्याच्या पाकिटात. पाकीट त्याचं.

आणि औषध आठवडाभर जास्तीचं घरात ठेव. २०१५ सालच्या कुंभमेळ्यात पहिल्या शाहीस्नानाला, २९ ऑगस्टला, रस्ते असे बंद केले होते की आपलंच गाव आपल्याला परकं झालं होतं. नेमक्या त्या दिवशी पट्टीत दोन गोळ्या उरलेल्या. नाशिक रोडपासून चालत निघालो, बॅरिकेडपाशी पोलिसाला रिकामी पट्टी दाखवत. आता २०२७ चा कुंभ समोर आहेच.

नोकरीचं विचारलं होतंस. सोडू नकोस. पुढे.

सासूबाईंनी त्र्यंबकहून कसलीशी पूड आणली आहे म्हणालीस. खाजकुयलीच्या बियांची असेल, कवचबीज म्हणतात तेच. हसू नकोस त्यांना. त्या बियांत खरोखर लेव्होडोपाच असतो, आपले वैद्य कंपवाताला ते देत आले आहेत. अडचण एवढीच की चिमटीत किती आला हे कुणाला ठाऊक? वर गोळीतलाही चालूच. डॉक्टरांना पूड दाखव, मग काय ते.

दाखल्याचं काम मात्र आजच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्स नावानिशी आहे. ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलला तपासणी होते, चाळीस टक्के किंवा त्यावर निघालं की सवलतींचं दार उघडतं. तो म्हणेल मला नको ते कार्ड, मी काय अपंग आहे? त्याला वेळ लागेल. फॉर्म त्याच्यासमोर ठेव आणि उठून जा.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते.

आमच्या चाळीत मला देवमाणूस म्हणायचे. "बायकोचं इतकं करणारा पुरुष बघितला नाही." मी भाजी चिरली तर कौतुक, तिची वेणी घातली तर डोळ्यांत पाणी. तू नवऱ्याचं तेच करतेस तर ते तुझं कामच, आणि वर रविवारी मिसळ खायला कशाला नेलं त्याला, हेही ऐकत असशील. हा अन्याय आहे आणि मी त्याचा फायदा खाल्लेला माणूस आहे. देवमाणूस व्हायची चटक वाईट. कारण देव व्हायचं तर समोर असहाय माणूस लागतो. तिने स्वतः वेणी घातली असती, वाकडी, पाऊण तास लावून, तर मला कोण काय म्हणालं असतं?

तरी मी सगळंच चुकलो असं कुणी म्हणू नये. गॅस मी काढून घेतला आणि त्याचं मला काही वाटत नाही. पदर बर्नरला लागता लागता राहिला होता. तुमच्या बाबतीत तो प्रश्न गाडीचा आहे. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला तर द्वारका चौकात काय होईल हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं, तो यंत्रांतला माणूस आहे. डॉक्टरांना त्याच्यासमोर विचार. किल्ली त्याने तुझ्या हातात द्यावी. तू कपाटात लपवू नकोस. काढून घेतलेली किल्ली आणि दिलेली किल्ली यात फरक आहे, आणि हे कळत नसेल तर माझं पत्र इथेच फाड.

आणि चमच्याची वेळ येईल. तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काकांनी फसवलं. हिची २०१७ साली आली. पाण्याने ठसका लागायचा. पातळ पदार्थ पटकन चुकीच्या वाटेने जातो, म्हणून पेज घट्ट करायची, हनुवटी खाली, एकेक छोटा घास, पुढचा घास आधीचा गिळल्यावर. एके दुपारी हिने भाताचा चमचा अर्ध्यात थांबवला आणि दांडी माझ्याकडे वळवली. बोलली नाही, आवाज तोपर्यंत गेलाच होता. दांडी माझ्याकडे वळवली फक्त. तेव्हा मी चमचा घेतला. त्याआधी नाही. त्याआधीची शेवटची पाच वर्षं मी एकही गोष्ट तिच्या हातातून ओढली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

बाई ठेवली नाही म्हणून लोक मला बोलतात. ठेवली होती, ब्युरोतून. चार दिवस टिकली. आंघोळ सात मिनिटांत उरकायची. सात मिनिटांत भांडी घासतात, माणूस नव्हे. मी काढून टाकली आणि शेवटपर्यंत एकट्याने केलं. कंबर गेली, जाऊ दे. मी आंघोळीला सव्वा तास द्यायचो. साबण तिच्या हातात असायचा.

लेक दिवाळीला पुण्याहून यायची. आईचे केस विंचरायला बसायची. तिला सवय नाही, ओढ बसायची, हिची मान आधीच आखडलेली. मी म्हणायचो, "दे इकडे, तुला जमणार नाही." हिला २०१९ साली जाऊन तेरा दिवस झाले, त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता आईच्या हातातलं काढून घेतलं नाही म्हणून. माझ्या हातातला कंगवा दर वेळेला कुणी घेतला?" मी म्हणालो, ओढ बसत होती. बसतच होती. मी काही खोटं बोललो नाही.

तुझ्या सासूबाईंना त्याच्या पाठीला तेल लावू दे. भरवू देऊ नकोस, पण तेल लावू दे. आणि नोकरी सोडू नकोस हे मघाशी एका ओळीत लिहिलं त्याचं कारणही हेच. तुझ्या हातातलंही कुणी काढून घेऊ नये, तू स्वतःही नाही. पतसंस्थेत बसतेस ते सात तास तुझे आहेत. त्या सात तासांत तो चहा करेल, सांडेल, पुसेल, त्याला कुणी बघणार नाही. हे त्यालाही हवं असतं.

रविवारी दोघं माझ्याकडे या. पोरालाही आणा. माझं एक काम अडलंय. व्हिडिओ बघितल्यावर त्याच आठवड्यात मी देवळाली गावात गेलो होतो, पण त्या बाईने आमचं मशीन मोडीत घालून मोटरचं घेतलं होतं. मग भद्रकालीतून दुसरं जुनं पायाचं आणलं. सुई काढून ठेवली होती मी, भीती काही जात नव्हती. ही बसली, पाय ठेवला, पायटा चालायला लागला, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "सुई लावा. सुईशिवाय कसलं मशीन?" लावली. दोन-चार वर्षं चालवलं तिने. माझ्या उशांचे अभ्रे तिचेच आहेत, शिवण गंगेसारखी वळत गेलेली.

त्या मशीनचा चामड्याचा पट्टा तुटलाय. नवीन वादी मेनरोडवरून आणून ठेवली आहे. मापाला कापून दोन्ही टोकांना भोक पाडायचं, तारेचा आकडा घालायचा आणि पकडीने दाबायचा, एवढंच काम. माझी नजर तिथे पोचत नाही. त्याला म्हणावं, स्वतःची पकड घेऊन ये, माझी गंजली आहे. गोळी घेतल्यावर तासाभराने हात चांगला चालत असेल, तर अकराच्या सुमाराला या. वेळ लागला तर जेवूनच जा. पिठलं करीन, गोळीच्या वेळेचं तो बघेल.

काका
जेल रोड, नाशिक रोड